दिवाकरभाऊंनी झाकलेलं नाव

दिवाकरभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीने, स्वातीने, फोनवर कळवलं. तेव्हा मी तरुण इंजिनिअरांसमोर बांधकामातली नासाडी कशी टाळावी यावर बोलत होतो. सांगत होतो ते सगळं दिवाकरभाऊंचं होतं. त्यांचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नव्हतं...

रायपूरजवळ नव्या राजधानीच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा ते आमच्या साइटवर फोरमन होते आणि मी नवखा इंजिनिअर. सळ्या कापण्याआधी ते सगळी मापं मांडून बसत, म्हणजे तुकडे कमी उरत. काँक्रीट त्या दिवशी लागेल तेवढंच मागवत. "उरलेलं हवेत जात नाही, साहेब. कोणाच्या तरी पाऱ्यात, वस्तीत जाऊन पडते," म्हणायचे. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. एकदा मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून, दिवाकरभाऊंना न विचारता, मी काँक्रीटच्या चार गाड्या मागवल्या. स्लॅबच्या साच्याचं सेंट्रिंग अर्धंच झालं होतं. दोन गाड्यांतला माल घट्ट व्हायला लागला, तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, कुठंही रिकामा कर. त्याने तो शेजारच्या गावातल्या तलावाच्या घाटावर ओतला. पाणी पांढुरकं झालं, मेलेले मासे वर आले. गावकरी साइटवर आले. माल कोणी मागवला, असं साहेबांनी विचारलं. मी हातातल्या नकाशात पाहत राहिलो. दिवाकरभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मालाचं काम माझ्याकडे आहे."

त्यांना अभनपूरकडच्या एका लहान कामावर पाठवलं. जाण्याआधी चार दिवस ते मजुरांबरोबर घाटावरचा थर घणाने फोडत होते; ते तुकडेही त्यांनी साइटच्या रस्त्याखाली भरावाला वापरले. मी एकदाच तिकडे गेलो. "काहून नाही बोलले तुम्ही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. उद्या साहेबांना सांगतो, म्हणालो. तो उद्या... मी येऊच दिला नाही.

स्वातीच्या फोननंतर महिन्याभराने मी रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेलो. स्वातीने आदराने बसवलं. म्हणाली, "पापा हमेशा कहते थे, उस वक्त आपने ही उनकी नौकरी बचाई थी."

घरातही त्यांनी मला झाकलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. खिडकीशी दिवाकरभाऊंची वेताची खुर्ची होती. मी निघालो, तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. त्या खुर्चीत जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.