विकतच्या गवऱ्या

आमच्या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस आणि एक भाकड गाय होती, आणि तरी आई गवऱ्या विकत घ्यायला लागली. टेंभुर्णीच्या आसपास कुणालाही ही गोष्ट सांगा, तो आधी हसेल आणि मग विचारात पडेल. ज्याच्या दारात शेण आहे तो गवरी विकत घेत नाही. शेजारची काकू तर तोंडावरच म्हणाली, "काय वं, तुमची जनावरं शेण टाकायची बंद झाली का?"

"पाठ दुखती," आई म्हणाली. "थापायच्या कुणी?"

थापायला मी होते. थापतही होते. कुडाच्या भिंतीवर माझ्या गवऱ्या वाळत होत्या आणि आई दुसरीच्या उतरवून घेत होती. काकू हसली. मला संशय आला.

त्या दिवसांत आमच्या घरात संशयाशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं. वडील मी लहान असतानाच वारले होते. थोरला भाऊ पावसाळ्याच्या तोंडाशी हद्द ओलांडून वऱ्हाडात गेला होता, निजामी राज्याविरुद्ध काम करणाऱ्या पोरांच्या तळावर. पोलिसांचा जमादार अधूनमधून घोड्यावरून यायचा, ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा आणि विचारायचा, "क्यों बाई, लेकाचा काही पत्ता?"

"तुम्हाला लागला तर मलाबी सांगा, साहेब," आई म्हणायची.

तो हसायचा. तो गेला की ती दाराची चौकट धरून उभी राहायची.

मला अक्षरं भावानं शिकवली. गावच्या शाळेत उर्दू होती आणि तीही पोरांसाठी. भाऊ पागोट्यात लपवून पत्रकं आणायचा, त्यांवरून मी मराठी वाचायला शिकले. मी वाचलेलं पहिलं वाक्य 'शेतसारा देऊ नका' असं होतं. त्या पत्रकांवर माझा पूर्ण विश्वास होता आणि आजही बराचसा आहे. त्यांत लिहिलेलं असायचं की घरभेदी बहुधा आपल्यातलाच निघतो, म्हणून डोळे उघडे ठेवा. मी ठेवले.

गवऱ्यावाली म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन पोलीस चौकीवरूनच आमच्याकडे यायची. आई मला टोपलीला हात लावू द्यायची नाही. स्वतः आत न्यायची, चुलीमागं रचायची, दोघी हळू आवाजात काही बोलायच्या. म्हातारी गेली की आई माजघराचं दार लोटून घ्यायची. एकदा दुपारी मी दाराला कान लावला. आत ती एकटीच होती आणि भावाचं नाव घेऊन कुणाशी तरी बोलत होती.

आणखीही खुणा होत्या. पहाटे ती घामानं भिजून उठायची आणि म्हणायची, दारात घोडा उभा आहे. मी काकूशी दोन शब्द बोलले तरी विचारायची, "काय सांगितलंस तिला?" भाकरीच्या पिठात पाणी ओतताना तिचा हात कापायचा. कालवणात कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. ज्याचं मन खातं त्याचं असंच होतं, असं मी मनाशी पक्कं केलं. आई चौकीला बातमी देत होती. का, ते मला समजत नव्हतं. पोरगा धरला गेला तर निदान जिवंत तरी राहील, असं तिला वाटत असेल, एवढंच सुचत होतं.

शाळू ज्वारीला कणसं भरली तेव्हा मामा आला. तो हद्दीपलीकडचा, मिरच्या घेऊन टेंभुर्णीच्या बाजाराला येणारा. नाक्यावरचे लोक त्याला ओळखायचे. गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवत तो मला म्हणाला, "येत्या बाजाराच्या दिवशी तुझा भाऊ दुपारी तुमच्या शाळूच्या रानात येणार. चार घास खाऊन माघारी. तुझ्या मायला मी सांगू का तू सांगतीस?"

"तिला सांगू नका," मी म्हणाले आणि गवऱ्यांचं सगळं सांगितलं.

मामानं बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "अगं, माझी बहीण आहे ती."

"माझी माय आहे. म्हणून तर सांगून राह्यले."

दुसऱ्या दिवशी आई म्हशीची धार काढायला गेली तेव्हा मी चुलीमागची रास उपसली. चिठ्ठी सापडेल असं वाटलं होतं. खाली चिंधीत गुंडाळलेली बाटली निघाली, अर्धी भरलेली. बोळा काढला आणि मोहाच्या दारूचा वास आला. गवऱ्यांच्या वासात तो इतके दिवस लपून राहिला होता. आधी मला हायसं वाटलं. आई घरभेदी नव्हती. मग लगेच वाटलं, जो पितो तो बोलतो. म्हणजे धोका होता तिथंच होता.

आई दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होती.

"माय, हे काय?"

"बघितलंस ना? मंग विचारती कशाला." तिनं भांडं खाली ठेवलं.

मी पत्रकासारखी बोलायला लागले. दारूचा प्रत्येक थेंब सरकारची तिजोरी भरतो, दारू घर बुडवते, देश बुडवते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ही सरकारी न्हाई," ती म्हणाली. "म्हातारीनं घरी काढलेली आहे. तुझ्या कागदात बसती का बघ."

बसत नव्हती. पत्रकात पिणारा नेहमी बाप असे आणि आई कोपऱ्यात रडत असे. पिणारी आई मी कुठंच वाचली नव्हती.

"तू झाल्यावर सुईणीनं मला घोटभर पाजल्ती," आई खाली बसत म्हणाली. "कळा विसरून झोपले होते. तुझा दादा वऱ्हाडात गेला आणि झोप गेली, तवा ते आठवलं. पहिल्यांदा घोटभर पुरायची. आता न्हाई पुरत. पेलं की छातीतलं धडधड थांबतं. उतरली की दुप्पट होतं. मंग तो घोडा. मला कळतं गं, घोडा न्हाई म्हणून. तरी उठून बघावंच लागतं."

मला राहवलं नाही. "माय, दादा येत्या..."

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला दुधाचा वास होता.

"सांगू नको. पेल्यावर माझं तोंड माझं राहत न्हाई. परवा म्हातारीला मी काय काय बोलले, बिलकुल याद न्हाई. उद्या जमादार ओट्यावर येऊन बसंल. मला काही माहीत नसू दे."

बाजाराच्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त भाकरी केल्या नाहीत. मी माझ्या वाट्याच्या घेऊन रानात गेले. शाळू डोक्याच्या वर गेला होता, आत माणूस बसला तर बांधावरून दिसत नव्हता. भाऊ वाळला होता, दाढी वाढली होती. पहिला प्रश्न त्यानं विचारला तो, "माय का न्हाई आली?"

मी सांगितलं. घास त्याच्या हातातच राहिला. मग तोंड वाकडं करून तो म्हणाला, "दारू? आपल्या घरात? घरी जा आन् बाटली फोडून टाक."

"फोडते. मंग उद्या ती झोपंल कशी, ते सांग."

त्यानं घास परत भाकरीवर ठेवला. मी बोलत राहिले. गेल्यापासून तुझा एक निरोप नाही. जिवंत आहेस का मेलास, हे तिला जमादाराच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागतं.

"निरोप धाडायला मनाई आहे. एकाच्या निरोपानं सगळे धरले जातात."

"मनाई करणाऱ्यांना आया न्हाईत का?"

"हळू बोल," तो म्हणाला. मग बराच वेळ ढेकूळ फोडत बसला. शेवटी म्हणाला, "कुठं आहे ते कळवणार न्हाई. आहे, एवढंच मामाकडून कळवीन. चालंल?"

पुढच्या बाजाराला मामा आला, ओट्यावर टेकला आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन आईला म्हणाला, "तुझा तांबडा गोऱ्हा बरा आहे. चारा खातो."

आमच्याकडे तांबडा गोऱ्हा नव्हता. आईनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ," ती मामाला म्हणाली, "पुन्हा एकदा सांग."

मामानं पुन्हा सांगितलं. ती उठून आत गेली. माजघराचं दार लोटल्याचा आवाज आला. ती झोपली की प्याली, हे बघायला मी दारापाशी गेले नाही. मामासाठी चहाचं आधण ठेवलं.