एक नंबरचं बटन

"मेलेला माणूस टीव्ही बघतो का गं?"

साहेबानं माझ्या आईला विचारलं. बूट घालून आमच्या घरात उभा होता तो. टीव्हीच्या वर नानांचा फोटो, फोटोला हार. हातातला रिमोट त्यानं त्या फोटोवर रोखला. "हाच ना तुमचा एक नंबर? हाच ना दिवसभर बातम्या बघत बसतो?"

आई पदर तोंडात धरून उभी. दारात अख्खी गल्ली जमलेली. कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारचंच कुणीतरी होतं. ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावात एका डाळ मिलमध्ये हमाल. आमच्या घरी ते असतानाच एक डबा बसला होता. कोणत्या घरात कोण काय बघतं, ते त्या डब्यातून मुंबईला कळतं, आणि त्यावरून कोणतं चॅनेल वर, कोणतं खाली ते ठरतं. अशी घरं मोजकीच असतात. आमचं कसं निवडलं देव जाणे. डबा बसवणारा बजावून गेला होता की कुणाला सांगायचं नाही. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटन दिलं. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटन दाबायचं, उठताना परत दाबायचं. नानांचं एक नंबर, आईचं दोन, माझं तीन.

नानांना त्या बटनाचं काय कौतुक! मिलमधून यायचे, अंगावरची तुरीची धूळ धुवायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि मग बटन दाबायचे. मी हसायचे. "नाना, मतदानाला चाललात का?"

"हसू नको माय," ते म्हणायचे. "आपन काय देखतस ते तठे मुंबईमा मोजतस. आपन बी हिशेबमा शेतस."

मिलमध्ये कट्टे मोजायचे, डाळीची पोती. हमालाला कोण मोजतो? म्हणून आपणही हिशेबात आहोत म्हणणाऱ्या त्या बटनाचं एवढं.

मग एक दिवस मिलमध्ये कट्ट्यांची थप्पी कोसळली आणि नाना खाली सापडले. थप्पी उंच रचायला लावली होती, हमालांनी नको म्हटलं होतं. ते राहिलं बाजूला. मिलवाल्यांनी सांगितलं, दारू पिऊन थप्पीखाली झोपला होता. माझा बाप! सुपारीचं खांड तोंडात न टाकणारा माणूस. पण मिलवाल्यानं म्हटलं आणि पोलिसांनी मान डोलावली. गल्लीत लोक सांत्वनाला यायचे आणि जाताना हळूच विचारायचे, "थोडी घ्यायचे का हो?"

तिसऱ्याच्या दिवशी एक टीव्हीवाला आला. हातात लाल माइक. आईपुढं उकिडवा बसला. गोड बोलत होता. "काकू, तुम्ही मन मोकळं करा. सगळा महाराष्ट्र ऐकेल." आई बोलली. रडत बोलली, पण सगळं बोलली. नाना प्यायचे नाहीत, थप्पी कुणी रचायला लावली, मिलचं नाव, सगळं. तो म्हणाला, "बघत राहा. दाखवू."

एवढंच म्हणाला तो. आणि आई बघत राहिली.

सकाळी उठली की ते चॅनेल लावायची. भाकरी थापताना, कपडे धुताना कान तिकडं. भांडणारी चार माणसं आणि त्यांच्यावर ओरडणारा पाचवा, यातलं तिला काय कळत होतं? ती फक्त नानांची बातमी यायची वाट बघत होती. बातमी यावी, नाना पीत नव्हते हे सगळ्यांनी ऐकावं, गल्लीनं ऐकावं, मिलवाल्यानं ऐकावं. मधेमधे जाहिराती यायच्या. त्यात त्याच मिलच्या तूरडाळीची जाहिरात यायची. एक गोरी बाई वरणावर तुपाची धार सोडायची. आई तेव्हा मान फिरवायची, पण चॅनेल बदलायची नाही. न जाणो, तेवढ्यात बातमी येऊन गेली तर?

आणि टीव्ही लावला की ती दोन बटनं दाबायची. आधी नानांचं, मग स्वतःचं.

मी एकदा चिडून म्हटलं, "आई, नाना नाहीत आता. त्यांचं बटन कशाला दाबतेस?"

"बातमी उनी म्हंजे तेस्ले बी दिसाले पाह्यजे ना," ती म्हणाली.

मी पुन्हा कधी टोकलं नाही.

तर असा आमचा गुन्हा. मुंबईत कुणालातरी दिसलं की जळगावातल्या एका खोलीत एक माणूस दिवसभर एकच चॅनेल बघतोय. चौकशीला मोजणीवाल्यांचा साहेब आला, तर तो माणूस भिंतीवर हार घालून.

"खरं सांगा, चॅनेलवाल्यांनी काय दिलं?" साहेबानं फोन आईच्या तोंडापुढं धरला, रेकॉर्डिंग चालू करून. आईनं खरं सांगितलं. नवऱ्याच्या बातमीची वाट बघते म्हणून. साहेब माझ्याकडं वळला. "ही बाई वेडी आहे का? अरे, तुमच्यासारखी माणसं दिवस दिवस बातम्या बघतात यावर कोण विश्वास ठेवील? तुम्हाला कळतं तरी काय त्यातलं? काहीतरी खाल्लंय तुम्ही. तुमच्या लोकांचं असंच. बाप दारूत मेला, आता ही नाटकं."

बाप दारूत मेला. हे त्याला कुणी सांगितलं? दारातल्याच कुणीतरी.

त्यानं रिमोट टीव्हीपुढं टाकला, वायर उपटली, डबा काखेत मारला. जाताना आई त्याच्या मागं दोन पावलं गेली. मला वाटलं भांडणार. तर ती म्हणाली, "साहेब, टीव्ही तं चालू राही ना?"

मला त्या साहेबाचा राग आला त्याहून जास्त त्या वेळी आईचा आला. आणि मग रडू आलं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, पुस्तकं वाचलेली, आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही माझ्या.

पुढच्याच आठवड्यात माइक आला. निळा माइक. माणूस तोच! नोकरी बदलली होती त्यानं. नव्या चॅनेलला जुन्या चॅनेलची चोरी दाखवायची होती. 'मेलेला माणूस बातम्या बघतो', असं काहीतरी. डब्याचं गुपित त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नव्हता. ज्या घरात उकिडवा बसून त्यानं आईचं रडणं टिपलं, त्या घराचं दार त्याला ओळखू आलं नाही. आईचं तोंडही नाही.

आईनं मात्र लगेच ओळखलं. तोंड उजळलं तिचं. देवाशप्पथ सांगते, नाना गेल्यापासून तिला तशी पाहिली नव्हती.

"भाऊ! उनात का? हाई पोरना बापनी बातमी कव्हय दखाडशात?"

तो क्षणभर गोंधळला. मग हसला. "हो काकू, तेच करतोय. आधी हा रिमोट हातात धरा. फोटोखाली उभ्या राहा. आणि एक नंबरचं बटन दाबून दाखवा."

आईनं पदर सारखा केला. कपाळावरचे केस मागं सारले. रिमोट घेतला आणि फोटोखाली जाऊन उभी राहिली, शाळेत गॅदरिंगचा फोटो काढताना पोरं उभी राहतात तशी ताठ. तिला वाटत होतं, झालं, आता बातमी येणार.

माझ्या आईचा विश्वास हातात धरून हा माणूस तिचीच टिंगल करायला निघाला होता.

मी मधे गेले. आईच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"दादा, आधी बाप कसा मेला ते बोला. माइकवर. आत्ता."

"ताई, टाकू ना त्यातच..."

"नुसतं 'टाकू' नको. बोला. मिलचं नाव घेऊन बोला."

त्यानं कॅमेरावाल्याकडं पाहिलं. आवाज खाली आला. "मिलचं नाव नको ताई. वरून घेत नाहीत ते. तुम्ही समजून घ्या."

"समजलं. मग माझ्या आईचं तोंडही मिळणार नाही. निघा बाहेर."

कॅमेरा चालूच होता. मी तळहात त्या काचेवर दाबला. "निघा म्हटलं ना!" माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला. या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांनी बातमी दाखवलीच. आमचं बंद दार दाखवलं. दाराला काय बोलता येतं? त्यांना हवं ते त्यांनी बोलून घेतलं. मग जुन्या चॅनेलनं खुलासा केला की एका घरातून चुकीची नोंद झाली होती, ती मोजणीवाल्यांनी वगळली. म्हणजे आम्ही. आईचं सगळं वाट बघणं त्यांच्या लेखी चुकीची नोंद.

आईनं बातमी शेवटपर्यंत बघितली. मग तिनं विचारलं, "मंग आपली बातमी येवाव नई का?"

तोवर तिला खोटं सांगत आले होते. उद्या येईल, परवा येईल. त्या दिवशी खरं सांगितलं.

"नाही आई. येणार नाही."

ती उठली. टीव्ही बंद केला. बोट सवयीनं एक नंबरकडं गेलं आणि तिथंच थांबलं. डबा केव्हाच गेला होता. आमच्या घरात टीव्ही त्यानंतर लागलेला नाही.

आता मी धुळ्याला एका दवाखान्यात काउंटरवर बसते. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जळगावला येते आणि मिल सुटताना फाटकासमोर उभी राहते. हमाल बाहेर पडतात. मी त्यांना सांगते, थप्पी कुणी रचायला लावली, माझा बाप कसा मेला, आणि तो पीत नव्हता. कुणी थांबतं, कुणी मान खाली घालून जातं. वॉचमन दोनदा हाकलायला आला. आता तोही ऐकतो.

मिलचं नाव या लिखाणात नाही. मी लिहिलं होतं. छापणाऱ्यांनी हात जोडले, ताई, तेवढं राहू द्या. बरं. राहू दिलं. पण फाटकासमोर माझ्या तोंडावर हात ठेवणारा अजून जन्मायचाय.

उद्या पुन्हा कुणी कोणत्याही रंगाचा माइक घेऊन आमच्या दारात आलं, तर त्यानं आधी मिलचं नाव घ्यायचं. घेता येत नसेल तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.