कमरेवरचा चौकोन

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी वडिलांना पाटावर बसवलं आणि उटण्याने पाठ खसाखसा घासली. कमरेवर मागच्या बाजूला जांभळ्या शाईचा चौकोन होता. विचारलं तर म्हणाले, "काय नाय गो, मुंबईची घाण." मग काय! डाग दिसला की माझा हात स्वस्थ बसत नाही. काथ्याने घासून मी तो पार काढून टाकला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मुंबईच्या एका इस्पितळात वडील मशीनचे किरण घेत होते आणि सणापुरते मोटारीने मुरबाडला आले होते. आम्हा बायकांना ठाऊक एवढंच, की पोटाचं दुखणं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कोट झटकताना खिशात चिठी सापडली. मी चौथीपर्यंत शिकले होते, वाचता येत होतं. लघवीच्या वाटेवर गाठ आहे, शाईच्या खुणा धुऊ नयेत, असं तीत लिहिलं होतं. चिठी घेऊन मी तशीच वडिलांपुढे गेले.

"बाबा, तोंड शिवलं होतं का तुमचं?" मी ओरडले.

"लेकीला काय सांगू? कुठल्या जागेचं दुखणं ते?" ते खाली बघत म्हणाले. "भाताच्या रोपासाठी राब भाजताना भोवतालचा पाचोळा झाडतो ना आपण, रान पेटू नय म्हणून? तसं ते चौकोनाभोवती शिशाचे पत्रे ठेवतात. चौकोनातलं भाजायचं, बाकीचं वाचवायचं. आता चौकोनच नाय. आतडी जळाली तर? मी काय जात नाय परत."

मला रडू फुटलं. राग त्यांचा आला, त्याहून जास्त माझ्या हाताचा आला. तिसऱ्या दिवशी हट्टाने त्यांना घेऊन मीच मुंबईला गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, "खूण मी घासली. त्यांना बोलू नका."

डॉक्टरांनी जुना कागद काढला, पट्टीने पुन्हा पुन्हा मोजलं आणि नवा चौकोन काढला. "सगळं झाकता येत नाही, बाई," ते म्हणाले. "जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवतो." किरणांसाठी मला बाहेर काढण्याआधी डॉक्टरांना पत्रे ठेवताना मी पाहिलं. वडिलांनी डोळे मिटले होते. पुढचे सगळे दिवस मी मुंबईतच राहिले आणि त्यांच्या पाठीला पाणी लागू दिलं नाही.

पुढच्या दिवाळीला ते पुन्हा पाटावर बसले. वाळले होते, पण होते. शाई कधीच गेली होती, तिथली कातडी तेवढी काळवंडली होती. मी पाठ घासली आणि तेवढी जागा सोडली.

"घास गो," वडील म्हणाले, "आता नाय काय तिथं."

माझा हात काही तिकडे गेला नाही.