कुंडीतल्या वडाचे सात फेरे

नवरा रिटायर झाला तेव्हा ऑफिसने त्याला बोन्साय दिलं, वीतभर उंचीचा वड. तो त्याने टीव्हीशेजारी ठेवला आणि विसरला. पानं गळून वडाचा काडीपैलवान झाला तेव्हा म्हणाला, "टाकून दे गं, मेलाय तो." मी खोडावर नख मारून पाहिलं, आत हिरवं होतं. मग कुजलेली मुळं कापली, माती बदलली, कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटला एकाच बाजूने ऊन, म्हणून रोज कुंडी फिरवायची. पालवी फुटली तसा नवरा पाहुण्यांना सांगायला लागला, "आम्ही जगवला."

वटपौर्णिमेला मजल्यावरच्या बायका ताटं घेऊन आमच्याकडे आल्या. सोसायटीतला वड पार्किंगसाठी गेलाय ना! पण सोफा आणि टीपॉयच्या मधून फेरे मारायचे कसे? शेवटी एकीने दोरा धरला आणि दुसरीने कुंडीच सात वेळा फिरवली. "चालतं गं," शेजारीण म्हणाली, "फेरे ते फेरेच."

मी बोटांवर मोजायला लागले. रोज सकाळी ती कुंडी मीच फिरवत होते. सोफ्यावर नवरा पाय पसरून प्रसादाची वाट बघत होता. ह्याच्याबरोबरचे किती जन्म मी बुक करून बसले होते, देव जाणे.