डल्सीचं कपाट

डल्सीच्या जिभेला हाड नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या आदिवासी वस्तीत गोऱ्या मॅनेजरला तोंडावर उत्तर देणारी ती एकटीच. शनिवारी तर तिनं कहर केला. गावातल्या सिनेमात दोरीपलीकडच्या, गोऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. उठवायला आले तर म्हणाली, "तिकीट तेच घेता ना? मग माझंच बूड वेगळं कसं?"

सोमवारी मॅनेजर दारात. "उद्या कल्याण खात्याच्या बाई घरं बघायला येतील. तुझी नात बरी आहे ना?" तो हसून बोलला, त्याचीच जास्त भीती वाटली.

बाई आधी कपाट उघडतात, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. डबे कमी दिसले की पोराचे हाल होतात म्हणायचं, आणि पोर उचलून न्यायचं. कोपऱ्यावरच्या रीटाची दोन अशीच नेली, ती आजतागायत परतली नाहीत.

आणि डल्सीचं कपाट रिकामं. भाऊ वारला होता, पलीकडच्या काठचे सगे लॉरी भरून आले होते. दुखवट्याला आलेल्यांसमोर हात आखडायचा नसतो.

"रडतेस काय, मेले?" शेजारची एल्वी म्हणाली. "बाई माझ्याकडून निघाली की कुंपणावरून माझे डबे घे. आपलं नेहमीचंच आहे."

तरी डल्सीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळीच तिनं नातीला, नोलाला, पाहुण्यांच्या खटारा लॉरीत बसवलं. नदीवरचा पूल ओलांडला की व्हिक्टोरिया, दुसरं राज्य. तिथं या खात्याचा हात पोचत नाही.

"आजी, तू?"

"आले गं मागून." खोटं होतं ते.

बाई आल्या. एल्वीचं कपाट पाहून पुढच्या दारानं निघाल्या, तोवर मागून डबे आले. डल्सीच्या कपाटासमोर त्या जरा थांबल्या. मग जॅमचा डबा उलटा केला. तळाला लिपस्टिकचा लाल ठिपका होता. तो त्यांनीच एल्वीकडे हळूच लावला होता.

"मुलगी कुठाय?"

"शाळेत."

बाईंनी खिडकीतून अंगणातले चाकांचे ताजे माग पाहिले. "पाहुणे आजच गेले वाटतं. तीही गेली?"

जन्मात पहिल्यांदा डल्सी गप्प बसली. बाईंना तेवढं पुरलं.

"गेली का गं बया?" कुंपणाआडून एल्वीनं विचारलं.

बाई गेली होती, पण तिची मोटार गावाकडे वळली नाही, पुलाकडे वळली. ती लॉरी वाटेत कितीदा बंद पडते, हे डल्सीला ठाऊक होतं.