बस्त्याला न चाललेलं कार्ड

आमच्या हवालदारांनी, म्हंजे माझ्या मालकांनी, एकवीस वर्सं फौजेत काढली, बर्फात काढली, वाळूत काढली, पण त्येंचा असा गोंधळ मी कवा बघितला न्हवता. सकाळी डेअरीला दूध घालून आलं की वट्यावर बसायचं, तीन बँकांची तीन कागदं पुढ्यात पसरायची, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकावर चष्म्याचं घर, एकावर अडकित्ता आन् एकावर फौजेच्या कँटीनचं कार्ड ठेवायचं. मग वहीत पट्टीनं रेघा मारत बसायचं. चार दिवस नुसत्या रेघाच चालल्या हुत्या.

"कुणावर हल्ला करायचाय?" मी इचारलं.

"क्रेडिट कार्ड निवडतोय," हवालदार म्हणालं. "मधी बोलू नगंस. गडबडतंय."

गडबडतंय म्हंजे काय, समदंच गडबडलेलं हुतं.

हे कशापायी, ते आदी सांगते. आमाला एकच लेक, राजनंदिनी. जावई बी फौजेत, सध्या पार आसामात, तेजपूरला. पहिलं बाळंतपण माहेरात करायचं, ही आपली रीत. पण तिचं रक्त कमी, डॉक्टर म्हणालं हालवायचं न्हाई, आन् पोर तिकडंच झाली. ओवी नाव ठिवलं. आठ महिन्यांची झाली तरी मी नातीला मांडीवर घेतलेलं न्हाई. मोबाइलवर दिसती, मोबाइलवरच हसती, आन् रेंज गेली की तोंड उघडं तसंच थांबतंय. मग मी किती येळ त्या थांबलेल्या तोंडाकडं बघत बसते. रेल्वेनं जायचं तर तीन दिवस, आन् माझ्या मणक्याचं ऑपरेशन गेल्या साली झालेलं. विमानाबिगर मला जाता येत न्हाई.

"मग काढा की तिकिटं सरळ," मी म्हणलं हुतं.

"दोघांचं जाऊन-येऊन चाळीस हजाराच्या घरात जातंय. दवाखान्यानं खिसा मोकळा केलाय, बनू. जायची तिकिटं कार्डावर फुकट निघत्यात. यायची मी काढतो."

फुकट म्हणलं की आमच्या हवालदारांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतंय. पण फुकटाच्या बी तीन तऱ्हा हुत्या. पहिलं कार्ड जलमभर फुकट, वर्साची फी न्हाई, पण देत बी काय न्हाई. दुसरं घेतलं तर पाच हजाराचं व्हाउचर, पण ज्या दुकानाचं व्हाउचर ते दुकान पुण्यात. तिसरं कार्ड घेतलं की चाळीस हजार मिळणार, वर विमानतळावर लाउंज.

"लाउंज म्हंजे?"

"बसायची खोली."

"आन् बसायला बी कार्ड लागतंय?"

हवालदारांनी वहीत 'लाउंज' लिवलं, त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं, आन् बँकेच्या पोरीला फोन लावला. भार्गवी तिचं नाव. गोड बोलायची, पण आगगाडीवानी. फोन स्पीकरवर ठिवला, मी बी कान लावला.

"नाथाजी काका, चाळीस हजार रुपये नाहीत हो, चाळीस हजार पॉइंट."

"पॉइंट म्हंजे रुपये न्हाईत?"

"विमानाच्या तिकिटाला एक पॉइंट म्हणजे पन्नास पैसे. वस्तू घेतली तर पंचवीस पैसे. बिलात वळते केले तर वीस पैसे."

"एकाच पॉइंटाला तीन भाव?"

"हो काका. आणि हा वेलकम बोनस मिळायला नव्वद दिवसांत दीड लाख खर्च करायचा. पेट्रोल त्यात धरत नाहीत."

हवालदारांनी पेन खाली ठिवलं. फौजेत बी रेशनला एकच भाव असतोय. मी म्हणलं, राहू द्या, चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. पण त्येंनी हिशेब केला, चाळीस हजाराचं अर्धं वीस, म्हंजे दोघांची जायची तिकिटं निघत्यात, आन् फी पाच हजार नऊशे. तरी चौदा हजार सुटत्यात. तिसऱ्या कार्डाच्या रकान्याखाली दोन रेघा मारल्या आन् फॉर्म भरला. फेब्रुवारीत कार्ड आलं, काळंभोर. देव्हाऱ्यात ठिवून हळदी-कुंकू लावलं. त्या दिवशी मी बी खुळ्यावानी बॅग खाली काढली आन् ओवीला झबली शिवायला घेतली. बाजारात तुरी म्हणत्यात ते हेच.

खरा गोंधळ तितनं फुडं. आमी दोन माणसं, दूध घरचं, ज्वारी घरची, साबण-तेल कँटीनचं. दीड लाख घालवायचं कुटं? खताच्या दुकानात ते कार्डाचं मशीनच न्हाई. किराणावाला म्हणला, मोबाइलवरनं पाठवा न्हाईतर रोख द्या. औषधाचं दुकान मातर कार्ड घ्यायचं, पण औषधं खाऊन खाऊन किती खाणार. मग हवालदारांनी दुसऱ्यांचं बिल भरायला घेतलं. कुणाचा फ्रीज, कुणाची मोटर. आपलं कार्ड घासायचं आन् त्येंच्याकडनं रोख घ्यायची. शेजारच्या धुळानं शिराळ्यात ट्रॅक्टरचा टायर घेतला, तर हवालदार त्याच्या मागं मोटरसायकलवर. गाव हसायला लागलं. फौजी माणूस आन् लोकांच्या बिलामागं पळतोय. मला लाज वाटायची, आन् लाज वाटली की राग यायचा, आन् राग आला की ओवीचं तोंड आठवायचं. मग गप बसायची.

दोन महिन्यांत एकेचाळीस हजार झालं. राहिलं एक लाख नऊ हजार, दिवस राहिलं अठ्ठावीस.

आन् तवाच अंकिताचं लग्न ठरलं.

अंकिता माझ्या धाकट्या दिराची, अर्जुनाची लेक. बस्ता पोरीकडच्यांनी करायचा असं बैठकीत ठरलं. बस्ता म्हंजे लग्नाची समदी कापडं, नवरीच्या शालूपासनं ते करवल्या, मावळणी, मानपानाच्या साड्यांपतोर, दोन्ही घरची माणसं एका दुकानात एका दिवशी बसून घेत्यात. सव्वा लाखाच्या खाली काय बसत न्हाई. हवालदारांचा चेहरा असा फुलला, जसं काय त्येंचंच लगीन ठरलंय.

"अर्जुना, बिल मी कार्डावर भरतो. तू मला घरी आल्यावर रोख दे. तुझं काय जात न्हाई, माझं काम हुतंय."

"बरं की, दादा," अर्जुना म्हणला. त्यो दादाच्या शब्दाबाहेर कवाच गेला न्हाई. आमी सासू-सासऱ्यांच्या माघारी येगळं झालो, पण भांडून न्हाई. ह्येंनी पगारातनं घर बांधलं, हीर खोदली. अर्जुनानं रान सांभाळलं. पण गावात नाव कुणाचं, तर हवालदारांचं. हवालदारांची हीर, हवालदारांचं घर. अर्जुनाला कोण बोलवायचं तर हवालदाराचा भाऊ म्हणूनच. हे मला ठावं हुतं. पण त्या कार्डाच्या नादात माझ्या बी डोस्क्यातनं निघून गेलं.

बस्त्याला सांगलीला गेलो. दोन जीपा आमच्या, दोन नवऱ्या पोराकडच्यांच्या. दुकानात पांढऱ्या गाद्या, च्या आला, सरबत आलं. नवऱ्याकडच्या बायकांनी साड्यांचा डोंगर केला आन् त्यातनं पहिल्यांदा बघितलेलीच घेतली. अर्जुना एका कडंला मांडी घालून बसला हुता, मांडीवर खाकी पिशवी. तीत रोख रक्कम. त्यानं आन् सोनियानं, म्हंजे माझ्या जावेनं, तीन वर्सं म्हशीच्या दुधातनं, उसाच्या बिलातनं बाजूला टाकलेली. पिशवी त्यानं जेवताना बी खाली ठिवली न्हवती. मला वाटलं, घरी द्यायचीच हाय, तर हितं कशाला आणली ह्यानं?

बिल झालं एक लाख सत्तावीस हजार. हवालदार लगेच उठलं, कार्ड काढलं, गल्ल्यापाशी जाऊन उभं ऱ्हायलं. आन् दुकानाच्या मालकानं आतनं टॉवेल-टोपी आन् नारळ मागवला. जो बस्त्याचं पैसं भरतो त्याला दुकानदार टोपी घालतोय, हातात नारळ देतोय, आन् दोन्हीकडची माणसं बघत्यात. हे आमी शंभर लग्नांत बघितलंय. तरी आमा नवरा-बायकोपैकी एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई. उंटावरची शहाणी आमी.

नवऱ्या पोराचा चुलता म्हणला, "चला, थोरल्यानं बस्ता उचलला. बरं झालं. धाकट्याच्या मानानं जडच हुतं."

वाईट म्हणून बोलला न्हवता त्यो. पण मी अर्जुनाकडं बघितलं. त्यो पिशवीच्या बंदाला गाठ मारत हुता. गाठ बसलेलीच हुती, तरी मारत हुता. सोनियानं पदर फुडं वडला. आन् अंकिता, जिच्या लग्नाची ही समदी धावपळ, ती बापाकडं बघत हुती.

एकीकडं ओवी, एकीकडं ही पिशवी. खरं सांगते, मला त्या घडीला ओवीच पायजे हुती. मी मनात म्हणलं, घरी गेल्यावर समजूत काढू, आपलाच माणूस हाय. आन् तरी माझं पाय उठलं. मी गल्ल्यापाशी गेले आन् ह्येंच्या हातातनं कार्ड काढून घेतलं.

"आवं, हे कशाला काढलं? हे चालत न्हाई."

"चालतंय की," हवालदार म्हणालं.

"न्हाई चालत. परवा औषधाच्या दुकानात बी अडकलं. हितं धा माणसांत मशीन वरडायला लागलं तर शोभंल का?" आन् मी मोठ्यानं म्हणलं, "अर्जुना भावजी, तुमी हिकडं या. पोरगी तुमची, बस्ता तुमचा. ह्येंची आपली उगंच लुडबूड."

हवालदार माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायलं. त्येंना काय उमगलं न्हाई. "अगं, काल तर—" म्हणालं, आन् मी त्येंच्या दंडाला असा चिमटा घेतला की वाक्य तितंच तुटलं. नवऱ्याकडच्या बायका पदरात हसल्या. हवालदारांचं कार्ड चालंना, म्हंजे आतनं पोकळच दिसतंय, असं एक जणी म्हणली बी. हवालदारांचं कान लाल झालं.

अर्जुना उठला. पिशवी सोडली आन् पाचशेच्या नोटा गादीवर मांडल्या. रोख बघून मालकानं तीन हजार सोडलं. मग अर्जुनाच्या डोस्क्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. नवऱ्या पोराचा चुलता उठून त्याला उराउरी भेटला, "पाव्हणं, मन मोठं हाय तुमचं," म्हणला. टोपी जरा मोठी हुती, कानावर येत हुती. अर्जुनानं ती घरी येईपतोर काढली न्हाई.

जीप इस्लामपूरला आली. हवालदार हळूच म्हणालं, "कार्ड चालत हुतं, बनू."

"ठावं हाय मला."

"मग?"

"टोपी कुणाच्या डोस्क्यावर चढणार हुती?"

त्येंनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणालं, "माझ्या."

लग्न झकास झालं. नव्वद दिवस भरलं, बोनस गेला, फी मातर कापली. भार्गवीचा फोन आला, की काका, बोनस हुकला, पण तुमचं जे काय पॉइंट साठलंत त्यात इस्त्री येईल न्हाईतर पाण्याच्या दोन बाटल्या. हवालदारांनी इचारलं, "इस्त्रीला पंचवीस पैशाचा भाव का वीस?" मी बॅग माळ्यावर टाकली. झबली शिवून झाली हुती, ती पोस्टानं पाठवली. त्या रात्री मी रडले, आन् सकाळी मलाच माझा राग आला, कारण बरोबर केलं का चूक, ते मला कळंना. आजून बी कळलेलं न्हाई.

नागपंचमीला अंकिता पहिल्या सणाची माहेरी आली. फेर धरायला आलेल्या समद्या लेकी बघून मला घरात करमंना, मी वट्यावर येऊन बसले. तेवढ्यात अर्जुना आला. डोस्क्यावर तीच सांगलीची टोपी, हातात कागदं.

"दादा, हे जरा बघून सांगा," त्यो म्हणला. "उसाला ठिबक करायचंच हाय मला, यंदाच्या बिलाचं पैसं त्यापायी ठेवीत टाकल्यात. पावणेदोन लाख लागत्यात. अंकिता म्हणती, ठेवीवर बँक कार्ड देती, आन् ठिबकवाला कार्ड घेतोय. पण ही तीन कार्डं हायत. ह्यातल्या कंच्यावर तिकिटं निघत्यात?"

"तुला कशाला तिकिटं?" हवालदार म्हणालं. "तू कुटं निघालास?"

अर्जुनानं माझ्याकडं बघितलं न्हाई. टोपी काढून मांडीवर ठिवली.

"धुळाच्या दुसऱ्या टायरचं बिल बस्त्याच्या आदल्या दिवशी त्याच कार्डावर भरलं हुतं, दादा. धुळानं मला तवाच सांगितलं. ते कार्ड चालत हुतं." मग म्हणला, "वैनीच्या नावाचं तिकीट माझ्या कार्डावर निघतंय का, तेवढं त्या बँकेच्या पोरीला इचारा."

हवालदार उठलं. आत गेलं, वही आणली, पट्टी आणली, चष्मा पुसला आन् नव्या पानावर रेघा मारायला बसलं. रेघ वाकडी आली. ती खोडून दुसरी मारली.

मला डोळ्यांतल्या पाण्यानं कागदं दिसंनात. पण च्या ठेवायला उठता उठता मी म्हणलं, "आवं, पॉइंट म्हंजे रुपये न्हाईत, तेवढं भावजींना आदी सांगा."