व्यायाम, खुराक आणि माझं पोट

सत्तरच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, शिवाजी पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर टिचकी मारून सांगितलं, "जोर-बैठका राहू देत. रोज रंकाळा तलावाला फेरी मारा. भरभर, दम लागेपर्यंत. पोटाच्या आतली चरबी अशा चालण्यानंच हलते. नाही हलली तर हृदयावर येईल." बायको शेजारीच होती. तिचे वडील माझ्यासारखेच ढेरपोटे, जेवता जेवता गेलेले. तिचा चेहरा उतरला.

त्या दिवसापासून घरातलं तूप आणि रविवारचा तांबडा रस्सा बंद झाला. मला मोह नको म्हणून तिनं स्वतःच्याही चहातलं दूध सोडलं.

मी चाललो, हे खरं. पहाटे कॅनव्हासचे बूट घालून घाम निघेपर्यंत चाललो. पण परतीच्या वाटेवर दूध कट्टा होता. तिथं गवळी समोर म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात देतो. कट्ट्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पैलवानानं पहिल्याच दिवशी माझा घाम पाहून अडवलं.

"मेहनत करताय आन खुराक न्हाय? वाळून मराल की, मास्तर."

मी शाळेत शरीरशास्त्र शिकवत होतो. तरी मला पैलवान डॉक्टरांपेक्षा जाणकार वाटला. आधी एक पेला घ्यायचो. फेरी वाढवली तेव्हा दोन केले. जितकं चालायचो तितकं प्यायचो, एवढा मी शिस्तीचा.

तीन महिन्यांत दम लागणं थांबलं, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि पोट दोन बोटं वाढलं. बायको दर शनिवारी शिवणाच्या टेपनं माप घेई आणि स्वतःलाच दोष देई.

"भाजीत तेल जास्त पडतंय का माझ्याकडून?"

"थोडं कमी करून बघ," मी म्हणालो. हो, असं मी म्हणालो.

एका सकाळी ती म्हणाली, "मीही येते. तुम्ही हळू चालत असाल." चपला घालून तिनं अख्खी फेरी पुरी केली. परतताना मी लांबची गल्ली धरली, तर म्हणाली, "इकडून जवळ पडतंय की."

गवळ्यानं लांबूनच हाक दिली, "मास्तर, उशीर केलासा. दोन पेले काढून ठेवल्यात. वहिनींस्नी देऊ काय?"

"दोनच? काल तीन झालं की," पैलवान म्हणाला.

तिनं पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्या," ती म्हणाली. "निवतंय."

आणि मी प्यालो. दोन्ही पेले. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

मिशी पुसेपर्यंत ती पुढं निघाली होती. तिला गाठताना मला कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा दम लागला. "उद्यापासून बंद," मी म्हणालो.

"माझ्यासाठी नको," ती न थांबता म्हणाली. "वडलांचं बघितलंय. तुमचंही बघीन."

 मी तिच्यामागून चालत राहिलो, आणि पावलागणिक पोटात दूध डुचमळत राहिलं.